बाइकचं चार्जिंग, वायरिंग आणि अर्थिंग: किनारपट्टीवरच्या गाड्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी बॅटरी टाकली तरी दोन-तीन महिन्यांत सेल्फ लागेनासा होतो. बॅटरीच खराब लागली का?

तसंही असू शकतं. पण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राजवळ फिरणाऱ्या गाडीत बॅटरीवर संशय घेण्याआधी वायरींचे जोड तपासा. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ ओल धरून ठेवतं. ती ओल पितळी पिनांवर, उघड्या तांब्यावर, टर्मिनलच्या बोल्टाखाली बसली की धातू कळकतो. पितळेच्या भांड्यात कढी राहिली की भांडं कळकतं, तसंच हे. त्या हिरवट थरातून वीज जाते खरी, पण अडखळत जाते. एसी वीज डीसी करून व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरमधून, म्हणजे आरआर युनिटमधून, निघालेले १४.४ व्होल्ट बॅटरीपर्यंत पोचताना १३.५ होतात. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, त्यामुळे चालवणाऱ्याला काही जाणवत नाही. बॅटरी मात्र रोज अर्धपोटी राहते. अर्धवट भरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात. ते घट्ट झाले की नंतर कितीही चार्ज केलं तरी गेलेली ताकद परत येत नाही. त्याच जोडांवर पुढची बॅटरी बसवलीत, तर तिचीही तीच गत होणार.

वायरिंग सुधारल्याने चार्जिंग वाढतं का?

इंजिनावरचं फिरतं मॅग्नेट आणि कॉइलची प्लेट (स्टेटर) जेवढी वीज बनवतात, त्यात एक वॉटचीही भर पडत नाही. वाटेत गळणारी वीज वाचते, एवढंच. ही गळती किती असू शकते त्याचा हिशेब करून पाहा. कळकलेल्या एका पिनेचा रोध ०.०५ ओहम धरा आणि तिच्यातून १० अँपिअर जातायत असं समजा. अर्धा व्होल्ट तिथेच गेला. शिवाय त्या टिचभर पिनेत ५ वॉट उष्णता तयार झाली, म्हणजे कपलरचं (वायरी जोडणाऱ्या प्लगचं) प्लॅस्टिक वितळायला पुरेशी. असे दोन-तीन जोड ओळीने आले की बॅटरीपर्यंत काय पोचणार?

प्लेटची कॉइलच जळाली असेल किंवा दिव्यांचा भार तिच्या कुवतीबाहेर गेला असेल, तर मात्र नवी तांब्याची तार टाकून काही उपयोग नाही.

मीटरवर किती व्होल्ट दिसायला हवेत?

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरी मोजा. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ च्या आसपास म्हणजे साधारण पाऊण, १२ म्हणजे जवळपास रिकामी. गाडी फिरवून आणल्याबरोबर मोजू नका. तेव्हा आकडा फुगलेला असतो.

इंजिन चालू करून चार-पाच हजार आरपीएमला, हेडलाइट लावून, मीटरचे टोक थेट बॅटरीच्या पोलवर धरा. १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १३.३ च्या खाली असेल तर चार्जिंग अपुरं आहे. १५ च्या वर गेलं तर गाडी लगेच बंद करा; त्याचा प्रश्न पुढे 'बल्ब वारंवार उडतात' इथे वेगळा घेतला आहे. नुसत्या आयडलवर १३ च्या आसपास दिसलं तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत तेवढंच येतं. सेल्फ दाबताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी आधी पूर्ण चार्ज करा आणि पुन्हा पाहा. तरीही कोसळत असेल तर बॅटरी संपली.

दोष वायरिंगमध्ये आहे की प्लेटमध्ये, हे कसं ओळखायचं?

या पानावरची सगळ्यात उपयोगाची चाचणी हीच. ती न करता सामान विकत आणू नका. बरेच जण बंद गाडीत वायरचा रोध मोजतात आणि 'वायर ठीक आहे' म्हणतात. पंचवीस तारांपैकी एकच तार शाबूत असली, तरी मीटरच्या नगण्य करंटला ती पुरते. दोष दिसतो तो वायरीतून खरा करंट वाहत असताना.

मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजला ठेवा. इंजिन चालू, हेडलाइट चालू, सुमारे चार हजार आरपीएम. लाल टोक आरआर युनिटच्या पॉझिटिव्ह पिनेला कपलरच्या मागच्या बाजूने टेकवा, काळं टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलला. दिसणारा आकडा म्हणजे वाटेत झालेली व्होल्टची घट. ती ०.२ व्होल्टच्या आत असेल तर वाट चांगली आहे. ०.२ ते ०.४ असेल तर जोड साफ करायला झाले. ०.५ च्या वर असेल तर दोष तुम्हाला सापडला, आता फक्त तो कुठल्या जोडात आहे ते एकेक जोड ओलांडत शोधायचं.

दुसरी मोजणी अर्थची. युनिटच्या निगेटिव्ह वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्ह पोलपर्यंत ०.१ च्या आत हवं. तिसरी मोजणी सेल्फ दाबून: बॅटरीचा निगेटिव्ह पोल ते इंजिनचा उघडा धातू, ०.२ ते ०.३ च्या वर जाता कामा नये. टोक पोलच्या शिशावर टेकवा, क्लॅम्पवर नको. कित्येकदा दोष पोल आणि क्लॅम्प यांच्यामध्येच असतो, आणि क्लॅम्पवर टोक धरलं की तो मोजणीतून निसटतो.

दोन्हीकडची घट कमी आहे, तरी बॅटरीवर १३ च येतायत? मग प्लेट तपासा. प्लेटमधून तीन पिवळ्या वायरी येतात त्या गाडीत त्यांचा कपलर सोडवून दोन-दोन वायरींमधला रोध मोजा. तिन्ही जोड्यांत जवळपास सारखा आणि साधारण एक ओहमच्या आतबाहेर हवा. कुठल्याही पिवळ्या वायरीपासून इंजिनच्या बॉडीपर्यंत कंटिन्युइटी (सलग वाट) दाखवली, तर कॉइल शॉर्ट आहे. मग इंजिन चालू करून, मीटर एसीवर ठेवून तिन्ही जोड्या मोजा. तिन्ही आकडे सारखे वाढायला हवेत. कपलर सुटलेला असताना इथे बरेच व्होल्ट असतात, त्यामुळे बोटं लांब ठेवा.

मॅग्नेटच्या पिवळ्या वायरींचा कपलर पुन्हा पुन्हा जळतो. काय करावं?

सगळा करंट याच तीन पिनांतून जातो आणि कपलर बहुतेक वेळा चिखल उडतो तिथेच बसवलेला असतो. पिन एकदा तापली की तिची पकड ढिली होते. पकड ढिली झाली की ती आणखी तापते. जळालेला कपलर घासून परत जोडल्याने महिना-दोन महिने निघतील, जास्त नाही. काळवंडलेली तार जिथपर्यंत आहे तिथपर्यंत कापून टाका आणि तिन्ही वायरी स्वतंत्र बट जोडाने (दोन टोकं समोरासमोर घालायची धातूची नळी) क्रिम्प करा, म्हणजे पकडीने चेपून जोडा. तिन्ही जोड एका रेषेत न ठेवता दोन-दोन इंच मागेपुढे ठेवा, म्हणजे जाडसर गाठ होत नाही आणि एकमेकांना घासत नाहीत. तीन पिवळ्यांचा क्रम कुठलाही चालतो. पुढे प्लेट उतरवायची झाली तर हे जोड कापावे लागतील. ते नको असेल तर रबर सीलचा चांगला कपलर वापरा, पण त्याच्या पिना करंट पेलणाऱ्या असल्याची खात्री करून घ्या.

आरआर युनिटपासून बॅटरीपर्यंत सरळ लाइन टाकावी का? कशी?

चाचणीत पॉझिटिव्हकडची घट मोठी आली आणि जोड साफ करूनही कमी झाली नाही, तर टाकावी. मूळ हार्नेसमध्ये, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्यात, ही वायर दोन-तीन कपलर आणि एखादा आतला जोड ओलांडून बॅटरीकडे जाते. नवी लाइन एकसंध असते.

दीडशे सीसीपर्यंतच्या गाडीला लाल आणि काळी २.५ स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड वायर, प्रत्येकी दीड ते दोन मीटर, पुरते. साडेतीनशेच्या एनफिल्डसारख्या गाडीला ४ स्क्वेअर एमएम घ्या. २.५ ला २० अँपिअरचा ब्लेड फ्यूज, ४ ला ३० चा. सीलबंद फ्यूज होल्डर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात बसवा. वायर वाटेत कुठेही फ्रेमला घासून उघडी पडली तर आग लागेल ती बॅटरीच्या ताकदीने, म्हणून फ्यूज बॅटरीच्या बाजूला.

आता एक चूक जी भलेभले करतात. जुनी पॉझिटिव्ह वायर तशीच ठेवून नवी तिच्या जोडीला समांतर लावतात. काही गाड्यांत युनिटची पॉझिटिव्ह मुख्य फ्यूजच्या पलीकडे, म्हणजे दिव्यांच्या बाजूला जोडलेली असते. तिथे समांतर वायर टाकली की बॅटरीपासून दिव्यांपर्यंत मुख्य फ्यूजला वळसा घालणारी आडवाट तयार होते. पुढे हेडलाइटची वायर शॉर्ट झाली तर १५ चा फ्यूज उडूनही करंट नव्या वाटेने येतच राहील. त्यामुळे युनिटची मूळ पॉझिटिव्ह वायर हार्नेसपासून तोडा आणि फक्त नव्या लाइनने बॅटरीला द्या. हार्नेसकडचं सुटलेलं टोक बॅटरीकडून जिवंत असू शकतं. त्यावर स्लीव्ह चढवून ते नीट बंद करा. आता दिव्यांचा सगळा भार मुख्य फ्यूजमधून जाणार, तेव्हा तो मूळ क्षमतेचाच आहे ना ते पाहा.

युनिटची काळी वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. फ्रेमच्या अर्थवर ती सोपवू नका.

अर्थ कुठे-कुठे द्यावा?

तीन जागा. बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन केसिंग, इंजिन ते फ्रेम, आणि हँडलजवळच्या दिव्यांची काळी वायर ते फ्रेम किंवा सरळ बॅटरी. पहिली वायर जाड लागते, कारण सेल्फचा करंट तिच्यातून परततो: छोट्या गाडीला ६ स्क्वेअर एमएम, एनफिल्डला १० ते १६. बाकी दोन २.५ च्या चालतील.

हँडलकडे अर्थची वायर तुटली तर करंट स्टिअरिंगच्या बेअरिंगमधून वाट काढतो. उजवीकडे वळवलं की इंडिकेटर मंद, सरळ केलं की ठीक, असला चावटपणा दिसला तर तिथेच बघा.

फ्रेमवर पावडर कोटिंग असतं आणि रंगातून वीज जात नाही. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बसणार तेवढाच गोल काचकागदाने घासून धातू चकचकीत करा. थिंबल टिन चढवलेलं घ्या. नुसतं तांबं ॲल्युमिनियमच्या केसिंगवर बसवलं आणि मिठाचं पाणी मिळालं, की दोन धातूंची एक छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत विरघळू लागतं. बोल्टाखाली दातेरी वॉशर टाका, घट्ट आवळा आणि त्यानंतर वरून व्हॅसलीन किंवा डायइलेक्ट्रिक ग्रीसचा थर द्या. आवळल्यानंतर वरून चकचकीत धातूवर उरलेली उघडी जागाही झाकायला हवी, नाहीतर पुढच्या पावसात गंज तिथूनच आत शिरतो.

वायरीची जाडी किती महत्त्वाची?

१० अँपिअरला, १ मीटर तांब्याच्या वायरीत १ स्क्वेअर एमएमला सुमारे ०.१८ व्होल्ट जातात, २.५ ला ०.०७ आणि ४ ला ०.०५ च्या आत. म्हणजे २.५ च्या पुढे छोट्या गाडीत फरक नगण्य. दोरखंडाएवढी वायर टाकून वजन आणि वळवण्याचा त्रास वाढतो, बाकी काही नाही. खर्च करायचाच तर टिन्ड कॉपरच्या मरीन वायरीवर करा. तिची प्रत्येक तार कथिलाने मढवलेली असते. साध्या वायरीत मीठ केशाकर्षणाने इन्सुलेशनच्या आत वीत-वीतभर चढतं आणि वायर बाहेरून नवी, आतून काळी निघते.

सोल्डर करावं की क्रिम्प?

क्रिम्प, तेही क्रिम्पिंगच्या पकडीने. साध्या पक्कडीने चेपलेलं थिंबल ओढून पाहा, बहुधा हातात येईल. सोल्डर तारांमध्ये झिरपतं आणि तेवढा भाग ताठ होतो. इंजिनच्या थरथरीने वायर नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. सोल्डर करायचंच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर टायने बांधून तिची हालचाल थांबवा. आणि काळ्या पडलेल्या तांब्यावर सोल्डर धरतच नाही, कितीही फ्लक्स लावा.

जोडांवर काळी टेप गुंडाळली तर चालेल ना?

एका पावसाळ्यापुरतीही नाही. उन्हात टेपचा गोंद वितळतो, कड सुटते, पाणी आत जातं आणि आतच राहतं. आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह वापरा. तापवल्यावर कडेतून गोंदाचा थेंब बाहेर आला पाहिजे. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जोडांवर भरू नका. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि तेच तांबं खातं.

कपलरकडे जाणारी वायर वरून सरळ आत उतरत असेल तर पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत थेट पिनांवर जातं. कपलरच्या आधी वायर थोडी लोंबती ठेवा, म्हणजे थेंब तळाशी जमून खाली गळेल. पागोळीचं पाणी भिंतीवर येऊ नये म्हणून छप्पर पुढे काढतात, तसाच हा उपाय, आणि फुकटातला.

गाडीवरून मासे वाहतो. काही वेगळी काळजी?

हो, आणि ही सगळ्यात मोठी. क्रेटमधून वितळणारं बर्फाचं पाणी खारट असतं आणि ते सीटच्या मागून टेललाइटच्या वायरीवर, बाजूच्या पॅनलच्या आत, काही गाड्यांत थेट आरआर युनिटवर टपकतं. समुद्राचा वारा वर्षभरात जे करतो ते हे पाणी काही आठवड्यांत करतं. क्रेटखाली कड असलेला ट्रे ठेवा आणि त्याला नळी लावून तिचं तोंड नंबर प्लेटच्या मागे, खाली सोडा. रोज संध्याकाळी मागची बाजू गोड्या पाण्याने धुवा.

दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटीवर पुढच्या कडेला उभी केलेली गाडी आणि पुळणीवर फिरवलेली गाडी यांनाही हाच नियम. धुताना बादली-मग्गा बरा. दसऱ्याला गाडी चकाचक करायला प्रेशरची नळी कपलरवर मारली, तर मीठ धुण्याऐवजी पाणी आत ठोकलं जातं. युनिटच्या पंख्यांत लाल चिखल सुकून बसला असेल तर तो ब्रशने काढा. शंट पद्धतीचं युनिट जास्तीची वीज उष्णतेत घालवतं, त्याला वारा लागलाच पाहिजे.

बल्ब वारंवार उडतात आणि बॅटरी गरम होते. हेही वायरिंगमुळे?

बऱ्याचदा. काही युनिटांना व्होल्टेज 'बघणारी' वेगळी बारीक वायर असते आणि ती इग्निशन स्विचमधून येते. स्विच कळकला की या वायरीवर बॅटरीपेक्षा कमी व्होल्ट दिसतात. युनिटला वाटतं बॅटरी रिकामी आहे आणि ते आणखी ढकलत राहतं. किल्ली चालू, इंजिन बंद ठेवून बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि ही वायर यांच्यातला फरक मोजा; ०.२ च्या वर असेल तर स्विच आणि जोड साफ करा. जुन्या सिंगल फेज गाड्यांत युनिटच्या बॉडीचा अर्थ सुटला तरी एसीवरचे बल्ब उडतात, कारण जास्तीची वीज सोडायला युनिटला जागाच उरत नाही. हे दोन्ही ठीक असतील तर युनिट बदला.

पावसात महामार्गावर दिसत नाही म्हणून फॉग लॅम्प लावायचे आहेत. झेपतील का?

२० वॉटचे दोन एलईडी म्हणजे सुमारे ३ अँपिअर. १५०-२०० सीसीच्या गाडीत सहसा झेपतात, शंभरच्या गाडीत जपून. लावल्यावर हेडलाइटसह बॅटरीवर मोजा. चाल घेतल्यावर १३.६ च्या वर राहिलं तर ठीक. गावातल्या अरुंद रस्त्याने दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना प्लेट फार कमी वीज देते, तेव्हा ते बंद ठेवा. कनेक्शन रिले आणि स्वतंत्र फ्यूजमधूनच घ्या, मूळ हेडलाइटच्या वायरीला टोचून नको.

गाडी गावी असते. गणपतीत येतो आणि मग थेट शिमग्याला. बॅटरी दर वेळी मेलेली सापडते.

जाताना निगेटिव्ह काढून ठेवा. बाहेरून लावलेला ट्रॅकर किंवा अलार्म २० मिलीअँपिअर खात असेल तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर जातो. ४ अँपिअर-अवरची बॅटरी आठवड्याभरात संपते. निगेटिव्ह आणि त्याच्या वायरीमध्ये मीटर लावून मोजता येतं, फक्त मीटर लावलेला असताना सेल्फ दाबू नका, मीटरचा फ्यूज जाईल. जाण्याआधी बॅटरी तिच्या अँपिअर-अवरच्या एक दशांश करंटने पूर्ण चार्ज करा. शेजाऱ्यांना आठवड्यातून एकदा 'जरा पाच मिनटं चालू करा हो' म्हणून सांगण्याने नुकसानच होतं: सेल्फने घेतलेलं आयडलवर परत येत नाही. चालवणार असतील तर वीसेक मिनिटं चालवू द्या.

कुठल्या गाडीला हात लावू नये?

वॉरंटीतल्या गाडीला, आणि एसीजी स्टार्टर असलेल्या गाड्यांच्या जाड वायरींना. त्यांत तीच कॉइल सेल्फचं आणि चार्जिंगचंही काम करते आणि दोन्हीचा ताबा एकाच कंट्रोलरकडे असतो. तिथे टर्मिनल आणि अर्थ साफ करण्यापलीकडे जाऊ नका. २०२० नंतरच्या बीएस-६ इंजेक्शनच्या गाडीत काहीही तोडण्याआधी त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम समोर हवा.

काम करताना क्रम काय?

किल्ली बंद. आधी निगेटिव्ह काढायचा, मग पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना फ्रेमला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. बसवताना उलटं: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. इंजिन चालू असताना बॅटरी काढून 'चार्जिंग येतंय का' बघण्याची जुनी पद्धत इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिनचं कंट्रोल युनिट) घालवते. काम झाल्यावर तिन्ही घट पुन्हा मोजून आकडे बॅटरीच्या कप्प्यात चिकटपट्टीवर लिहून ठेवा. मिरगाआधी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा तेच आकडे परत घ्या. कुठला जोड बिघडू लागलाय ते सेल्फ अडायच्या आधी कळतं.